सहावी फुंक

एका माणसाला मी माझ्या दारातून परत पाठवलं आणि ते का, हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. पण ते सांगायचं तर आधी आमच्या साडूंबद्दल सांगायला हवं. कारण घाईनं मत बनवणं ज्याला जमतच नाही, असा दुसरा माणूस अख्ख्या कोल्हापुरात नसेल; आणि तेही या गावात, जिथं अनोळखी पावण्यालासुद्धा चहा संपायच्या आत दोन-चार ठाम मतं ऐकवली जातात.

साडू कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले. राहतात मंगळवार पेठेत. जन्मभर आकड्यांत वावरले, पण त्यांचा खरा विश्वास क्रमावर. सरासरीचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. "एक पैलवान घरात आला की सरासरीनं सगळं घर दांडगं," म्हणतात. म्हणून ते कशाचं मोजमाप न करता नुसते नंबर लावतात. आमटी कशी झालीय असं अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं विचारलं, की 'चांगली' असं साधं उत्तर येत नाही. 'ह्या महिन्यातली चौथी' असं येतं, आणि मग अक्का दिवसभर बोलत नाहीत. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्याला, तो मुलीकडचा की मुलाकडचा हे न विचारता, मठ्ठ्याचा यंदाचा क्रमांक सांगून मोकळे होतात.

एकदा अक्कांनी दूधवाला बदलायचं काढलं. साडूंनी आधी परीक्षा मांडली: तीन दिवस जुन्याचं दूध, तीन दिवस नव्याचं, आणि सायीच्या जाडीनुसार सहाही भांड्यांना क्रम. नव्याची तिन्ही भांडी वरच्या नंबरांवर आली. अक्का म्हणाल्या, झालं की मग. साडू म्हणाले, तिनास तीन असताना एखादी बाजू अशी सरसकट वर येणं हे नुसत्या योगायोगानंही दहात एकदा घडतं, तेव्हा दोघांचा आणखी एकेक, म्हणजे चौथा, दिवस बघू. त्या चौथ्या दिवसाची साय मांजरानं खाल्ली. अक्कांनी न विचारता दूधवाला बदलला. साडू त्या सायीबद्दल अजून हळहळतात.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात फोडलेले पाच चिंचोके असतात. एक बाजू काळी, एक पांढरी, दोन्ही बाजूंना सारखी संधी मिळावी म्हणून घासून घासून सारखे केलेले. संख्याशास्त्रातला पी म्हणजे काय, असं कुणी विचारलं की (आणि कुणी विचारलं नाही तरी) ते चिंचोके टाकून दाखवतात. समजा काहीच घडलेलं नाही, मग समोर पडलंय तसं किंवा त्याहून विचित्र किती वेळा पडेल, एवढंच पी सांगतो. काही घडलं नाही याची ग्वाही तो देत नाही. हे त्यांनी पोस्टमनलाही सांगितलंय.

मी कारखान्यांतल्या कामगारांच्या तपासण्या करून अहवाल देतो. काही वर्षांपूर्वी एका फौंड्रीत साच्याच्या वाळूत नवं रसायन घालायला सुरुवात झाली. धूर ओढून घेणारे पंखे बसवायचे की नाही, हे माझ्या अहवालावर ठरणार होतं. रसायन यायच्या आधी सहा जणांना नळीत फुंकायला लावून दम मोजला होता. नंतर मोजायच्या वेळी सहावा, केरबा, राधानगरीकडं गावाला गेला होता. उरलेल्या पाचही जणांचा दम कमी भरला. फरकांना क्रम लावून चाचणी केली तर पी ०.०६ च्या जरा वर. फरक मानायची रेघ ०.०५ ची, आकडा तिच्याखाली आला तरच. मी कागद घेऊन साडूंकडं गेलो.

त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि चिंचोके टाकत बसले. मग म्हणाले, एकेक चिंचोका म्हणजे एकेक माणूस धरा; पाचही एकाच रंगाचे पडणं हे सोळात एकदा होतं. याहून विचित्र पाचात काही पडूच शकत नाही.

"म्हणजे पावणं, पाच माणसांत ही चाचणी ओरडायची म्हटली तरी ओरडू शकत न्हाय. तिचं तोंडच बांधलंय. ती गप बसली म्हणून काय घडलं न्हाय, असं कसं म्हणता? सहावा आणा. तो त्याच बाजूला पडला तर बत्तिसात एकदा. मग ती बोलंल. आणि न्हाईच मिळाला, तर 'सांगता येत नाही' असं लिवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबा आपणहून माझ्या दारात उभा.

"सायेब, माझं फुंकायचं ऱ्हायलंय की. गावाकडं रोपलावणीला गेलतो."

नळी टेबलावरच होती. पण फौंड्रीच्या मॅनेजरांना काय हवंय ते मला ठाऊक होतं, आणि पहिल्यापासून माझ्याकडं असलेलं ते काम हातचं जाऊ नये असं वाटत होतं. मी म्हणालो, गरज नाही, पाच पुरे.

"मग बरं हाय न्हवं समदं?"

मी हो म्हणालो. तो चपला घालून गेला. अहवालात मी लिहिलं, 'लक्षणीय फरक आढळला नाही.' आकडा खरा होता आणि वाक्यही नियमात बसणारं. पंखे बसले नाहीत.

साडूंना सांगितलं, सहावा मिळालाच नाही. आणि अहवालात 'सांगता येत नाही' असं घातलंय. त्यांनी दोन्हीवर विश्वास ठेवला. ज्यांनी जुन्या दूधवाल्यालाही संशयाचा फायदा दिला, ते स्वतःच्या साडूला देणार नाहीत होय!

केरबानं कदाचित आधीपेक्षा जोरात फुंकलंही असतं. मला माहीत नाही, आणि त्या दिवशी माहीत करून घ्यायचंच नव्हतं. पुढं त्यानं काम सोडलं, गावाकडं गेला असं ऐकलं. साडू आता थकलेत. चिंचोके टाकायचे नसले तरी निसटून पडतात, मग खाली वाकून काळे किती, पांढरे किती ते बघतात. परवा गेलो तर जुनं काही काही आठवत बसले होते. म्हणाले, "दोन गोष्टी हातच्या गेल्या बघा. माझी चौथ्या दिवसाची साय, आणि तुमचा तो सहावा माणूस." माझी खंत त्यांनी आपल्या खंतीशेजारी प्रेमानं बसवली होती. मी चहा पीत राहिलो.

साडूंना खरं सांगायचं मी देणं लागतो. आणि राधानगरीला जाऊन केरबाची फुंक घ्यायची राहिली आहे.