व्याह्यांच्या बाटल्या

आमच्या व्याह्यांइतका भित्रा माणूस अख्ख्या मावळात दुसरा नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं, कारण वाद घातला तर रक्तदाब वाढेल याची त्यांना भीती. व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. राहायला लोणावळ्यात, नोकरी रेल्वेत झाली. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. गाडी वर लोणावळ्यात पोचली की ती सोडवायची, हे यांचं काम. जन्म त्यात गेल्यामुळे असेल, पण जगातली कुठलीच गोष्ट एकट्याच्या जोरावर वर चढत नाही असं त्यांचं पक्कं मत झालं. चष्मे दोन, छत्र्या दोन, दाराला कुलपं दोन. लेकीच्या लग्नात भटजीसुद्धा दोन सांगितले होते, एकाला वाटेत काही झालं तर म्हणून. दोघंही धडधाकट पोचले आणि मंगलाष्टकांच्या चालीवरून त्यांची जुंपली. माझी बायको पदराआड इतकी हसली की तिच्या हातातल्या अक्षता हातातच राहिल्या. आता ती नाही. दोन वर्षं होतील.

दर रविवारी व्याही पुण्याकडची गाडी धरून कामशेतला उतरतात आणि तिथून आमच्या वडिवळ्याला येतात. समोर धरण तुडुंब भरलेलं असलं तरी प्यायचं पाणी घरून आणतात. बिस्किटाचा पुडा पुढं ठेवला तर आधी खिशातलं भिंग काढून तारीख बघतात. एकदा मी शेतातला मुळा उपटून दिला, तर तोही फिरवून फिरवून बघायला लागले. मी म्हणालो, "पाव्हणं, त्येच्यावर छापल्याली न्हाई." तर म्हणाले, "काढला कधी ते तरी सांगा." पोरांनी हट्ट केला म्हणून एकदा आम्ही लोहगडला गेलो. व्याही काही गड चढले नाहीत, खाली लोहगडवाडीत चहाच्या टपरीवर बसून राहिले. आम्ही उतरून आलो तर टपरीवाला हात जोडून उभा. म्हणाला, "ह्यास्नी घिऊन जावा आबा. सकाळधरनं वर गेल्याली माणसं मोजत्यात, खाली आल्याली मोजत्यात. तीन कमी भरत्यात म्हणं. दोनदा मला वर धाडाया निघालं." ती तीन माणसं म्हणजे मी, माझा पोरगा आणि सूनबाई.

तर असा माणूस. गेल्या दिवाळीनंतर पोरानं आणि सूनबाईनं मूल होऊ द्यायचं ठरवलं. लग्नाला चार वर्षं झाली होती. तळेगावच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दिवस राहायची वाट बघायची नाही, फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आधीपासूनच सुरू करायची. बाळाचा पाठीचा कणा पहिल्या काही आठवड्यांतच घडतो, तोवर आईला कळलेलंसुद्धा नसतं. सूनबाईनं हे मला चहा देता देता सांगितलं. ती शाळेत शिकवते, तिला सांगायची सवय. बशीतला चहा मी तसाच खाली ठेवला, पण तोवर ती आत गेली होती.

व्याह्यांनी ती गोळी तळहातावर घेऊन उजेडात धरली. "एवढीशी?" त्यांचा चेहराच उतरला. "मूल म्हणजे घाट आहे पाहुणे. ही एकटी काय चढणार? हिला मागून जोर पाहिजे." मग मला बरोबर घेऊन त्यांनी लोणावळ्याच्या बाजारातली औषधाची तीन दुकानं पालथी घातली. माझं शिक्षण थोडं, मी नुसता पिशवी धरून उभा. व्याही भिंग लावून बाटलीच्या पाठीवरचं सगळं वाचायचे आणि दुकानदाराला विचारायचे, "यात जस्त किती?" तो म्हणायचा, "काका, मागं लिहिलंय." हे म्हणायचे, "लिहिलंय ते मी वाचलं. खरं किती?" शेवटी बाटल्या तीन ठरल्या. एक गरोदर बायकांची, एक रोजच्या ताकदीची, आणि तिसरी फोनवरून मागवलेली परदेशी. तिच्यातली गोळी घोड्याला द्यावी एवढी. वर आमच्या भिंतीवर वेळापत्रक लागलं. लोहाची गोळी चहाबरोबर नाही. लोह आणि कॅल्शियम एका वेळी नाही, कारण एका रुळावर दोन गाड्या सोडायच्या नसतात. सूनबाई ते वाचून वडिलांना म्हणाली, "अप्पा, यात मी जेवू कधी?" तिन्ही बाटल्यांवर व्हिटॅमिन ए लिहिलेलं सापडलं तेव्हा तर ते अगदी खूश झाले. एक कमी पडलं तर मागं दुसरं आहे, दुसरं पडलं तर तिसरं.

मला राहवलं नाही. म्हणालो, "आमच्या टायमाला कोण गोळ्या खात हुतं? झालीच की पोरं."

भिंगातून डोकं वर न काढता ते म्हणाले, "झाली. पण राहिली किती, ते कोण सांगतं?"

मी उठून गोठ्यात गेलो. आमची पहिली राहिली नव्हती. या पोराच्या आधी आम्हाला मुलगी झाली होती. पाठीच्या खालच्या अंगाला कणा उघडा, वर पातळ कातडीची फुगी. सहा दिवस जगली. गावात आम्ही ताप आला म्हणून सांगितलं. सुईणीनं तोंड उघडलं नाही, आणि माझ्या बायकोनं माझ्याकडून शब्द घेतला की हे कुणाला कळू द्यायचं नाही. घराण्यात खोट हाय म्हणतील, पुढं पोराच्या लग्नाला आडवं येईल, असं तिचं म्हणणं. पोरगा जन्मला तेव्हा तिनं आधी त्याला पालथं करून पाठ बघितली, मग तोंड.

पुढच्या रविवारी व्याही आले ते सगळ्या नात्यागोत्यात फोन करून. कुठंतरी त्यांनी वाचलं होतं की घरात आधी कुणाचं मूल पाठीचं अधू जन्मलं असेल तर डॉक्टरला सांगावं लागतं. कुरवंड्याच्या थकलेल्या आत्यालासुद्धा त्यांनी सोडलं नव्हतं. आत्या म्हणे, "पाठीचं अधू कुनी न्हाई रं, पर काळजाचा तू येकटा हायेस." हे त्यांनी स्वतःच सांगितलं, न हसता. मग म्हणाले, "म्हणजे आमच्याकडे नाही. पाहुणे, तुमच्याकडे?"

सूनबाई समोर तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "न्हाई."

त्यांनी मान हलवली आणि माझ्यावर विश्वास ठेवला. ज्या माणसाचा बिस्किटाच्या पुड्यावर विश्वास नाही, त्यानं.

चार दिवस असेच गेले. सूनबाई गोळी तोंडात टाकायची तेव्हा मी भिंतीकडं बघायचो. सांगावं तर मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडतो. सूनबाई धसका घेईल, आणि व्याही म्हणतील, फसवलंत आम्हाला. न सांगावं तर काय होईल, हा विचार त्या फुगीपाशी जाऊन थांबायचा. पुढं जायचाच नाही. बायकोच्या फोटोपुढं उभा राहायचो, पण तिनं काय ते पस्तीस वर्षांपूर्वीच सांगून टाकलं होतं.

गुरुवारी आम्ही चौघं तळेगावला गेलो. व्याह्यांनी तिन्ही बाटल्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ओळीनं मांडल्या, शाबासकी मिळणार अशा तोंडानं. बाईंनी एकेक वाचली आणि बाजूला सारली. "काका, ह्या तिन्ही बंद. व्हिटॅमिन ए जास्तीचं बाहेर पडून जात नाही, अंगात साठतं. फार झालं तर बाळाच्या घडणीलाच बाधतं. तुम्ही ते तीन ठिकाणांहून देताय."

व्याह्यांनी भिंग काढून एक बाटली परत वाचायला घेतली. अजून दिवस राहिलेले नाहीत, वेळेत कळलं, असं बाईंनी दोनदा सांगितलं तरी ते वाचायचे थांबेनात. मग बाईंनी कागद पुढं ओढला आणि तोच प्रश्न विचारला. घरात कधी कुणाचं मूल पाठीच्या कण्याचा दोष घेऊन जन्मलं होतं का. व्याही सावरून बसले. "नाही डॉक्टर. दोन्हीकडे मी नीट विचारून घेतलंय." एवढं तरी आपल्या हातून बरोबर झालं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मी म्हणालो, "हाय."

मग सगळं सांगितलं. कुणाकडं न बघता, त्या बाटल्यांकडं बघून सांगितलं. पोरगा माझ्याकडं बघत होता ते मला न बघता कळत होतं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं केलंत आबा, आत्ता सांगितलंत." त्यांनी लहान गोळी बदलून जास्त जोराची दिली, तीन महिने थांबायला सांगितलं, आणि दिवस राहिले की सोनोग्राफी लवकर करू म्हणाल्या. धोका थोडा जास्त आहे, फार नाही. पण हमी कुणीच देत नाही, हेही बोलल्या.

पोरगा आणि सूनबाई गोळ्या आणायला गेली. जाताना सूनबाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. व्याही आणि मी बाहेर बाकावर बसलो. आता हा माणूस मला काय बोलायचं ते बोलेल, म्हणून मी वाट बघत होतो.

"पाहुणे," ते म्हणाले, "लग्नाआधी कळलं असतं तर मी हे लग्न होऊ दिलं नसतं."

"म्हाईत हाय."

"घाबरलो असतो मी."

"व्हय."

त्यांनी भिंग पुसून खिशात ठेवलं. "म्हणजे मग हा जावई मला मिळाला नसता," ते म्हणाले. आणि मग, "विहीणबाईंनी मला न बघताच बरोबर ओळखलं होतं."

आता भिंत मोकळी झाली. एकच गोळी, तीही सूनबाई स्वतःच आठवणीनं घेते. तरी रोज सकाळी शाळेच्या आधी व्याह्यांचा फोन येतो. लेकीला नाही, मला.

"घेतली?"

"घ्येतली."

"तुम्ही बघितलंत?"

"बगितलं."

मग ते फोन ठेवतात. परवा ठेवला नाही, म्हणाले, "पाहुणे, भीती वाटते हो." असलं काही मनात आलं की मी बायकोला सांगायचो. दोन वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणालो, "मला बी वाटती."

पलीकडं ते कितीतरी वेळ नुसते श्वास घेत होते.

"ठेवू मग?"

"चालू ऱ्हाऊ द्या वाईच," मी म्हणालो.