सरांचं बुटांचं वाक्य

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, तर भोरच्या कॉलेजातल्या आमच्या इंग्रजीच्या सरांचे. घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. मी एम. ए.पर्यंत पोहोचलो तो सरांनी वर्गात ज्याच्याविषयी शिकवलं अशा एका माणसामुळे. चारशे वर्षांपूर्वीचा तो इंग्रज कवी आणि नाटककार. बूट शिवणाऱ्याचा मुलगा, शिष्यवृत्तीवर शिकला, तिशीच्या आत सुऱ्यानं मारला गेला. सरांनी वर्गात लिहून दिलं होतं की, विद्यापीठात श्रीमंत मुलं त्याच्या बापानं शिवलेल्या बुटांना हसली, तरी त्यानं पाय बाकाखाली घेतले नाहीत. पुण्यात एम. ए. करताना माझ्या बोलण्याला कुणी हसलं की मला ते आठवायचं.

तेच वाक्य मी प्रबंधात लिहिलं. मार्गदर्शक बाईंनी त्याखाली रेघ मारून संदर्भ मागितला. मी दोन ग्रंथालयं पालथी घातली. तो सरकारचा हेर होता का, त्याला ठरवून मारलं का, यावर पानंच्या पानं होती. बुटांचा कुठंच पत्ता नव्हता. बाई म्हणाल्या, संदर्भ नसेल तर बाकीच्या पानांवरही शंका घ्यावी लागेल.

मी एसटीनं आंबवड्याला सरांच्या घरी गेलो. ते वाक्य ज्या पुस्तकातलं, ते वाळवीनं खाल्लं, असं त्यांनी आधी सांगितलं. चहा येईपर्यंत तेच पुस्तक कुणीतरी वाचायला नेलेलं होतं. काकू आतून म्हणाल्या, "वाळवीच घेऊन गेली असंल."

सर हसले नाहीत. मी सरळच विचारलं, तेव्हा एवढंच बोलले, "तुला शंका आली न्हवं? मग शिकलास तू."

ही शाबासकी नव्हे, पळवाट आहे, असं मला वाटलं. परत आल्यावर मी सरांच्या जुन्या नोट्स ओळीनं तपासल्या. विद्यापीठ त्याला पदवी द्यायला तयार नव्हतं, हे खरं निघालं. बाकी सगळंच खरं निघालं. मग एवढं एकच खोटं कशाला मिसळलं? सरांनी ते लिहून दिलं त्या वर्षी कॉलेजात स्लिपर घालून येणारा मी एकटाच होतो.

शेवटी सरांना पत्र लिहिलं:

"आदरणीय सर,
वाक्य काढलं, प्रबंध मंजूर झाला. जूनपासून भोंगवलीच्या शाळेत रुजू होतोय. ती गोष्ट तुम्ही रचली असेल तर माझा राग नाही. पण माझ्याकडं बघून रचली होती का, एवढं खरं सांगा. मुलांना ती सांगावी की नाही, हे माझं मला ठरवता येईना. काकूंना नमस्कार.
तुमचा विद्यार्थी"