त्रिंबकची मिलिटरी

वडीगोद्रीला महामार्गाच्या कडेला, पंक्चरवाल्याच्या टपरीशेजारी त्रिंबकची क्रेन उभी असायची. मुळात तो लष्कराने मोडीत काढलेला ट्रक. जुना जालन्यातल्या गयासोद्दीन मिस्त्रीने तो बावीस वर्षांपूर्वी लिलावात उचलला, मागं लोखंडी हात आणि पुढं तारेचा ड्रम बसवला आणि त्रिंबकला दिला. वरून पिवळा रंग होता, पण पोपडे निघाले की खालचा हिरवा दिसायचा. आसपासच्या गावांत तिला ‘मिलिटरी’च म्हणायचे. ‘मिलिटरी बोलवा’ असं कुणी ओरडलं की कुठंतरी काहीतरी उलटलंय, एवढं कळायचं.

त्रिंबकच्या बापाने जन्मभर मेंढरं राखली. त्रिंबक मात्र ट्रकवर क्लीनर म्हणून गेला आणि ड्रायव्हर होऊन परत आला. मिलिटरी घेतली त्याच महिन्यात लग्नाचा एक टेम्पो रस्त्याखाली गेला. आत सगळ्या बायका. जमलेले गडी हात लावायला बिचकत होते. त्रिंबकची बायको साखराबाई तेव्हा त्याचा डबा घेऊन आलेली होती. तिने डबा रस्त्यावर ठेवला, पदर खोचला आणि खाली उतरली. त्या दिवसापासून ती प्रत्येक वेळी गाडीत त्याच्या शेजारी असायची. लेक छकुली लहान होती तोवर ती शेजारणीकडं राहायची. पुढं छकुली लग्न होऊन पैठणला गेली आणि मग घराला कुलूपच लागायचं.

दोघांचं काम ठरलेलं होतं. त्रिंबक गाडीत बसून इंजिनावर ड्रम फिरवायचा, तार गुंडाळत यायची. मधेच क्लच दाबायची वेळ आली की ड्रम उलटा सुटू नये म्हणून त्याच्या दात्यांत लोखंडी खटका टाकावा लागे. तो साखराबाई टाकायची. खटका बसला की ती हात वर करायची, आणि तिचा हात दिसल्याशिवाय त्रिंबक क्लचला पाय लावायचा नाही. बावीस वर्षांत यात कधी चूक झाली नव्हती.

दोन वर्षांपासून गयासोद्दीन गाडी बदला म्हणून मागं लागला होता. नगरकडच्या लिलावात त्याला नव्या बनावटीचा लष्करी ट्रक मिळाला होता.

“त्रिंबकराव, जुनीचे पार्ट आता भंगारात पण मिळून न्हाई राह्यले,” तो म्हणायचा. “नवीला स्टेरिंग हलकं, तार ओढायची विंच बटणावर. तार जिथल्या तिथं थांबती. खटका नको, काही नको.”

“आन बटण बिघडलं तं?” त्रिंबक म्हणायचा. “ही गाडी मी पान्यानं खोलतो, पान्यानं जोडतो. ती खोलायला कंपनीचा माणूस कुठून आणू?”

साखराबाई हसायची. “खटका नको म्हणल्यावर मला बी घरीच बसिवता का काय?”

गोष्ट तिथंच राहायची. पैशाचं जमलं असतं, पण त्रिंबकचं मन होत नव्हतं. चिखलात जिथं बाकीच्या क्रेना रुतायच्या तिथं मिलिटरी जायची, एवढं त्याला पुरेसं होतं.

मागच्या सप्टेंबरात पाऊस आठवडाभर हटला नाही. एका सकाळी ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून एक मोटार वाहून गेली आणि पन्नास पावलांवर बाभळीला अडकली. आत साहेबराव नावाचा पशुखात्याचा एक कंपाउंडर होता. कुणाची तरी म्हैस विताना अडली म्हणून निघालेला. पाणी खिडकीच्या निम्म्यापर्यंत चढलं होतं, दारं उघडत नव्हती आणि तो आतून काचेवर हात मारत होता.

एका पोहणाऱ्या गड्याने मोटारीला हूक अडकवला. त्रिंबकने ड्रम फिरवला. मोटार बाभळीतून सुटली आणि हळूहळू काठाकडं यायला लागली. साखराबाई गुडघाभर पाण्यात ड्रमजवळ उभी होती. मोटार इतकी जवळ आली की आतल्या माणसाचा चेहरा दिसायला लागला. त्रिंबकला गिअर बदलायचा होता. त्याने समोर पाहिलं. साखराबाईचा हात वर होता. त्याने क्लच दाबला.

ड्रम उलटा गरगरला. मोटार मागं गेली, कलंडली आणि टपासकट पाण्याखाली गेली. त्रिंबकने लगेच पुन्हा ओढायला घेतलं. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. साहेबरावला बाहेर काढलं तेव्हा साखराबाईने त्याला पालथं घातलं, पाठ चोळली, हाका मारल्या. गर्दीतल्या कुणीतरी शेवटी तिला धरून उठवलं.

लोकांनी दोघांना दोष दिला नाही. जुनी गाडी, पाण्याचा जोर, काय करणार, असंच सगळे म्हणाले. तेराव्यानंतर साहेबरावची बायको संध्या भावाला घेऊन त्यांच्या घरी आली. तिने साखराबाईचे दोन्ही हात धरले.

“ताई, तुमी होत्या म्हणून मला त्यांचं तोंड तरी पाहायला मिळालं. न्हाई तं कुठं गेले असते वाहत.”

संध्या गेल्यावर ती चुलीपुढं बसून राहिली.

“म्या तुमाला हात केलाच न्हवता,” ती म्हणाली.

त्रिंबकला आधी कळलं नाही.

“तो माह्याकडं बघून राह्यला होता. काच बडवून राह्यला होता. म्या त्याला हात केला, भिऊ नको म्हणून. खटका टाकायचाच होता अजून.”

“काही बी बोलू नको,” त्रिंबक घाईने म्हणाला. “खटका तू टाकलाच होता. दाते झिजलेत, त्यातनं निसटला. गयासभाई कवाचा सांगून राह्यला.”

“खरं?”

“उद्या जालन्याला नेतो. तोच सांगंल.”

दुसऱ्या दिवशी गयासोद्दीनने ड्रम खोलला, डिझेलने धुतला आणि उन्हात धरून बराच वेळ पाहिला.

“दाते एकदम बराबर हायेत, त्रिंबकराव. जुन्या मिलिटरीचं लोखंड हाय हे. आणखी वीस वर्सं झिजायचं न्हाई.”

त्रिंबक पायरीवर बसला. तो हात आपल्याला नव्हता, हे त्याला तिथं बसल्यावर पुरतं पटलं. एका बाईने बुडत्या माणसाला धीर द्यायला हात केला होता आणि आपण तो ओळखण्यात चुकलो होतो.

“गयासभाई, एक काम करा,” तो म्हणाला. “छकुलीच्या मायला सांगा, दाते झिजले होते म्हणून.”

“झूट बोलू?”

“ती जेवून न्हाई राह्यली.”

गयासोद्दीनने हात पुसले. “मंग तुमाला गाडी बी बदलावी लागंल. झिजल्या दात्याची गाडी कोण चालवतं?”

दोन वर्षं जो निर्णय होत नव्हता, तो असा झाला. गयासोद्दीन स्वतः वडीगोद्रीला आला, साखराबाईच्या हातचा चहा प्यायला आणि मान खाली घालून म्हणाला, “भाभी, दाते पार घिसले होते. तुमचा काही कसूर न्हाई.” साखराबाईने फक्त मान हलवली.

जुनी गाडी सोडायच्या दिवशी ती बरोबर जालन्याला गेली. मिलिटरी तोडून तिचं लोखंड जालन्याच्याच एका भट्टीला जाणार होतं. ड्रम काढून बाजूला ठेवलेला होता. साखराबाई त्याच्यापाशी उकिडवी बसली आणि एकेका दात्यावरून बोट फिरवत गेली. त्रिंबक मागं उभा होता. बावीस वर्षं तिने हे दाते हाताळले होते, अंधारातही तिला ते ओळखू आले असते. पूर्ण फेरा करून बोट पहिल्या दात्यावर परत आलं. धार लागून तिच्या बोटाला बारीक रक्त आलं होतं.

“झिजलेतच की,” ती म्हणाली आणि उठली.

त्रिंबकने तिच्याकडं पाहिलं. तिने पाहिलं नाही. परत येताना नव्या गाडीत दोघं शेजारी बसले होते. अंबड मागं पडल्यावर तिने विचारलं, “ह्याला एसी बी हाय का?” त्याने आहे म्हणून सांगितलं.

नव्या गाडीतून ती दोनदाच आली. दोन्ही वेळा रस्त्याच्या कडेला उभी राहिली, करण्यासारखं काही नव्हतं. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा ती म्हणाली, “तुमी जा. मला अंतरवालीला कापूस येचायला जायाचंय.” तो एकटाच जायला लागला. पुढं कधी त्याने ये म्हटलं नाही आणि तिने येते म्हटलं नाही.

जानेवारीत शहागडच्या अलीकडं उसाचा ट्रक कलंडला. ड्रायव्हर केबिनमध्ये चेपला होता. त्रिंबकने बटण दाबून केबिन बोटबोट उचलली आणि माणूस जिवंत बाहेर आला. त्याला बीडच्या दवाखान्यात नेलं. दुपारी तो सरळ अंतरवालीच्या वावराकडं गेला. साखराबाई वेचलेल्या कापसाची ओटी कमरेला बांधून ओळीत उभी होती.

सकाळचा फोन तिच्यासमोरच आला होता. “निघाला का माणूस?” तिने विचारलं.

“निघाला. जिता हाय. पाय मोडलाय फकस्त.”

ती खाली बसली आणि रडायला लागली. बाजूच्या बायका वेचणं थांबवून पाहायला लागल्या. त्रिंबक तिच्या बाजूला सरीत बसला.

“नाव काय त्याचं?” थोड्या वेळाने तिने विचारलं.

“इचारलं न्हाई.”

“इचारून या,” ती म्हणाली. “जित्याचं बी एखादं नाव ठाऊक पाह्यजे आपल्याला.”

त्रिंबक उठला आणि बीडच्या दवाखान्याचा रस्ता धरला.