एक ग्रेड पुढचं पुस्तक

"उत्तर झाकलंय. आता चाल सांग," असं म्हणत काकू पुस्तकाच्या पानावर तळहात ठेवत.

मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या लायब्ररीत शनिवारी बुद्धिबळाचं टेबल लागे. कुणी कुठलं पुस्तक घरी न्यावं, हे काकू ठरवत. सगळं चटकन सुटलं, तर पुस्तक परत कपाटात. काहीच सुटलं नाही, तरी परत. डोकं खाजवत, अडखळत चाल सापडली की म्हणत, "हे तुझं."

ही बाई एकेकाळी नागपूरची नावाजलेली खेळाडू. यजमानांच्या नोकरीवर मिळालेला इथला व्हिसा तिला स्वतःला काम करू देत नव्हता, पण त्या टेबलापाशी तिचाच शब्द चाले. मी तेव्हा ग्रॅज्युएट स्टुडंट होतो. 'या आमच्या काकू,' असं कॉलर ताठ करून सांगायचो.

आपली माणसं तुम्ही ओळखताच. गणिताचं पुस्तक एक ग्रेड पुढचं, मग बुद्धिबळाचंही तसंच. एका ऑटो इंजिनिअरने लेकीला सुरुवातीच्या चालींचा जाडजूड ग्रंथ आणून दिला. तिने तो पाठ केला. समोरच्याने पुस्तकाबाहेरची चाल केली की मात्र ती थिजून बसे. एकदा डाव अर्धा टाकून उठली. "आय अ‍ॅम डन, बाबा. परत नाही खेळणार."

काकूंनी ग्रंथ बाजूला सारला आणि एक पातळ पुस्तक तिला दिलं. त्यात फक्त डावाचा शेवट: नुसते दोन राजे आणि एखाद-दुसरं प्यादं.

"वहिनी, हे बेबी बुक आहे. पुढच्या महिन्यात टूर्नामेंट आहे तिची."

"कॅन्सल करा. भाऊ, पोरगी घोकून राहिली, खेळून नाही राहिली."

"लोक काय म्हणतील?"

"पाठवा त्यांना पण. पुस्तक देते."

शिक्षणाची शर्यत करणाऱ्यांविरुद्ध मी कॅम्पसवर ढीगभर पत्रकं वाटली होती. एवढं नेमकं एकातही नव्हतं.

टूर्नामेंट कॅन्सल झाली. हिवाळाभर पोरगी काकूंसमोर एकेक प्यादं ढकलत बसली. एका दुपारी थबकून म्हणाली, "काकू, वेट. राजा मागे घेतला की मी जिंकतेय."

"मग घे ना बाई मागे."

पोरगी खुदकन हसली. बाबा कपाटाआडून बघत होते.

२००८मध्ये काकूंच्या यजमानांची नोकरी गेली आणि दोघं नागपूरला परतली. पुढच्या शनिवारी काकूंच्या खुर्चीवर कुणीतरी कोट टाकून ठेवला होता. पोरीने पट मांडला. समोर बाबाच बसले. डाव रेंगाळला, तसे ते उठू लागले. "ड्रॉ करू या? आई जेवायला थांबली असेल."

"नो, बाबा. प्यादी आहेत अजून."

बाबा परत खाली बसले.