हिरव्या बाटलीचा विटाळ

"मिशनच्या इंग्रजी शाळेत हेच शिकवत असतील, बाटल्या ओळखायला," सासूबाई माजघरातून म्हणाल्या. आवाज हळू होता, पण मला ऐकू जाईल इतका.

मी ओसरीलगतच्या खोलीत साहेबाची इंग्रजी चिठ्ठी वाचत होते. मामंजी ठाण्याच्या कचेरीत शिरस्तेदार. त्यांचा साहेब संध्याकाळी घरी येणार होता. त्याने तीन बाटल्या, भुशातला बर्फ आणि पेयाची कृती आधीच पाठवली होती. "त्याचा खानसामा तापाने पडलाय," मामंजी म्हणाले होते. "मी हात लावणं बरं दिसणार नाही. तू कर."

येत्या सोमवारपासून मुलींच्या शाळेत शिकवायला जायची परवानगी मला त्यांनीच दिली होती. ती रद्द करवायला सासूबाई निमित्त शोधत होत्या. म्हणून नाही म्हणायला मी घाबरले.

जिन, व्हर्मूथ नावाची तांबडी वाइन आणि हिरवं मद्य, तिन्ही सारख्या मापाने घ्यायची होती. मापाला मी खोकल्याच्या औषधाची पेली घेतली. हिरव्या बाटलीचं बूच काढताच ओवा, बडीशेप आणि चुरगळलेल्या पाल्याचा वास आला. शंभरावर वनस्पती आहेत, असं चिठ्ठीत होतं. बर्फावर ओतून ढवळलं, तर रंग पातळ काकवीसारखा झाला.

साहेब एक पेला प्याला, मामंजी दोन. "हा तर काढाच!" मिशा पुसत ते आत ऐकू येईल असं म्हणाले. मी दाराआडून पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई स्वयंपाकघराचं दार अडवून उभ्या राहिल्या.

"दारूला हात लावलेली इथे पाऊल टाकणार नाही. आधी पंचगव्य घे. आणि ती शाळा बंद. बाहेर हिंडणाऱ्या बायकांमुळेच घरं बाटतात."

त्यांच्यामागे मामंजी सोवळं नेसून पाटावर बसले होते. कचेरीत जायच्या आधीचं जेवण चाललं होतं. ताटातला भात कालवत, मान वर न करता ते म्हणाले, "घेऊन टाक, सूनबाई. उगाच वाद नको."

लग्नाला चार वर्षं झाली होती. त्यांच्यासमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. आता मी त्यांच्या ताटाकडे बोट दाखवलं.

"सासूबाई, पंचगव्याच्या दोन वाट्या करा," मी म्हणाले. "दारू माझ्या नुसत्या हाताला लागलीये, मामंजींच्या पोटात गेलीये. त्यांनी ताटावरून उठून आधी घ्यावं. मग मी घेईन, आणि सोमवारी शाळेत जाईन."