पवित्र म्हणजे सात

फोन सकाळी आला, हुबळीच्या नवनगरहून, माझ्या मित्राच्या, दत्ताच्या शेजाऱ्यांचा. "सर, दत्ताअण्णांच्या घरी लगेच या... होय, तसंच झालंय," एवढं बोलून त्यांनी ठेवला. मी धरून चाललो की अव्वा गेल्या. अव्वा म्हणजे दत्ताची आई. नव्वदी ओलांडलेल्या, वर्षभरात दोनदा दवाखान्यातून परत आलेल्या. आम्ही सगळेच, खरं सांगायचं तर, त्या बातमीच्या तयारीत होतो. धारवाडहून बसनं जाताना दत्ताशी काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होतो. फाटक उघडून आत गेलो तर व्हरांड्यात खुर्चीवर अव्वा बसलेल्या होत्या. ताठ, दोन्ही हात मांडीवर. मला वाटलं, माझं काहीतरी चुकतंय. मग आत पाहिलं. सतरंजीवर दत्ता होता. एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्या गालाची राहिलेली... आरशासमोर उभा असतानाच कोसळला, असं त्याची बायको, सुमनवहिनी म्हणाल्या. इतके आठवडे झाले, पण मी अजून त्या फाटकापाशीच उभा आहे, असं वाटतं.

दत्ता कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा आणि मी शाळेत मराठी. निवृत्तीनंतर मात्र त्यानं माझ्या विषयात घुसखोरी केली. पैशाला लोक काय काय म्हणतात आणि का म्हणतात, याचा त्याला नाद लागला. भाजी घेताना, रिक्षात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही तो एखादा शब्द पकडायचा आणि त्याच्या मागे लागायचा. होन हा आपला मराठी शब्द, शिवकाळातलं सोन्याचं नाणं, पण मुळात तो कन्नडमधला होन्नू, म्हणजे सोनं. हे त्यानं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्याला स्वतःलाच ते नाणं सापडल्यासारखा आनंद झाला होता. दमडी दामावरून, दाम द्रम्मावरून आणि द्रम्म थेट ग्रीकांच्या नाण्यावरून आला, हे सांगताना तो बोटानं हवेत नकाशा काढायचा. कलदार रुपया म्हणजे कळ फिरवून, यंत्रावर पाडलेला. हातानं ठोकलेल्या नाण्यांच्या गर्दीत तो गुळगुळीत गोल उठून दिसत असणार. पण खात्री नसेल तिथं तो थांबायचा. लाखाला पेटी आणि कोटीला खोका का म्हणतात, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, "नोटा पेटीत मावतात, खोक्यात मावतात, असं लोक सांगतात. बरोबर असेलही. पण पुरावा कुठाय पंडित? तू आणून दे की."

त्याच्या घरातही या नादाचा खेळ व्हायचा. सून म्हैसूरची. ती पैशाला दुड्डू म्हणायची, आणि दत्ता आपल्या धारवाडी थाटात रोक्का. "दुड्डू म्हणजे तांब्याचं किरकोळ नाणं गं," तो तिला चिडवायचा. "तुमच्याकडं तांब्यावर भागतं. आमच्याकडं रोख लागतं, म्हणून रोक्का."

"मग मावा, तेच रोक्का देऊन येताना भाजी घेऊन या," ती सासऱ्याला म्हणायची. "तांब्याची माणसं इकडं भुकेली आहेत." दत्ता मुकाट्यानं पिशवी उचलायचा.

या सगळ्या नादाचं मूळ मात्र दुर्गदबैलातल्या त्यांच्या कापडाच्या दुकानात होतं. हुबळीच्या बाजारात गिऱ्हाइकासमोर खासगी बोलायची मोठी पंचाईत. मराठी बोलावं तर त्याला कळतं, कन्नड बोलावं तर कळतंच, हिंदीही कळतं. म्हणून दत्ताचे वडील आणि काका जुन्या व्यापाऱ्यांची गुप्त बोली वापरायचे. त्यात आकड्यांना वेगळीच नावं. चार म्हणजे पोकू, पाच म्हणजे मुळू, सहा म्हणजे शेली, सात म्हणजे पवित्र. काका गिऱ्हाइकाशी बोलत असताना वडील गादीवरून नुसतं "मुळू" म्हणायचे, की भाव कितीपर्यंत खाली आणायचा ते ठरलं. अव्वा दुकानाच्या वरच राहायच्या. वरून ऐकून ऐकून त्याही ती बोली बोलायला लागल्या आणि नवऱ्याशी घरखर्चाची भांडणंसुद्धा त्याच बोलीत करू लागल्या, म्हणजे खाली गिऱ्हाइकाला कळू नये. दत्ता एक गोष्ट नेहमी सांगायचा. अळणावरकडची एक म्हातारी वर्षानुवर्षं लुगडं घ्यायला त्यांच्याकडे यायची, गुपचूप बसून राहायची. एकदा वडील सवयीनं "मुळू" म्हणाले, तर म्हातारी शांतपणे म्हणाली, "मुळू ब्याड री अण्णा, पोकू माड्री." पाच नको, चार करा! वडिलांनी कपाळावर हात मारला आणि चारला दिलं. वर अव्वा इतक्या हसल्या की खालपर्यंत ऐकू आलं.

वडील गेले, काका गेले, दुकान विकलं. ती बोली येणारं एकच माणूस उरलं. दत्तानं सुरुवातीला प्राध्यापकी पद्धतीनं आईला विचारून पाहिलं, नऊ म्हणजे काय, उधारीला काय म्हणायचात. अव्वा गोंधळायच्या. "अरे असं सुटं सुटं कसं आठवेल? काय परीक्षा आहे का माझी?" मग त्याच्या लक्षात आलं की समोरून कुणी त्या बोलीत उत्तर दिलं, तरच त्यांची बोली सुरू होते. म्हणून साठी उलटल्यावर हा माणूस ती बोली बोलायला शिकला. रेकॉर्ड वगैरे करून ठेव, असं मी त्याला सुचवलं होतं. तो म्हणाला, "शब्द राहतील रे. कुठल्या तरी कोशात ते आहेतच. पण आई बोलायची थांबली की संपलं. तिला कुणीतरी बोलायला पाहिजे." आई जाण्याआधी जमेल तितकं बोलून घ्यायचं, अशी त्याची घाई होती. आई जाण्याआधी... आम्ही दोघंही हे किती सहज म्हणायचो.

दिवसकार्य आटोपल्यावर काही आठवड्यांनी मी पुन्हा नवनगरला गेलो. दारातच सुमनवहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "अव्वांना सगळं सांगितलंय. कळलंय त्यांना, चांगलं कळलंय. पण तेव्हापासून तोंडातून शब्द नाही. जेवायचं का म्हटलं तर मान हलवतात, तेवढंच. डॉक्टर म्हणतात, बोलतं ठेवा. कोण ठेवणार? आम्ही काही बोललो की त्या भिंतीकडं बघतात."

अव्वा खिडकीपाशी बसल्या होत्या. मी शेजारी बसलो. आपलं काहीबाही बोललो, ऊन फार आहे, बसला गर्दी होती. खुर्चीच्या पाठीवर एक निळ्या काठाचा पंचा टाकलेला होता. दत्ताचा. तो कुणी उचलला नव्हता. बऱ्याच वेळानं अव्वांनी तो ओढून मांडीवर घेतला, अंगठा आणि बोटात धरून त्याचा पोत पाहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पवित्र."

वहिनी चहाचे कप घेऊन दारात थबकल्या. "रोज दुपारी हेच चालायचं दोघांचं," त्या कुजबुजल्या. "घरातलं काहीतरी कापड घ्यायचं, टॉवेल, चादर, आणि भाव करायचा. त्या सात म्हणायच्या, हे पाच. मग तासभर भांडण. हे उठून निघाल्याचं सोंग करायचे, त्या परत बोलवायच्या. पण शेलीच्या, म्हणजे सहाच्या खाली त्या कधी म्हणून आल्या नाहीत. शेवटी हेच हरायचे... बोला ना भावजी, तुम्हाला येतंय ना त्यातलं?"

येत होतं. दत्तानं इतक्यांदा ऐकवलं होतं. पण ते तोंडातून काढणं म्हणजे त्याच्या जागी बसणं होतं, आणि ते मला जमेना. अव्वा वाट पाहत होत्या.

"मुळू," मी म्हणालो.

आता मला ओरडा बसेल, दुकानातून चालते व्हा म्हणतील, म्हणून मी थांबलो. अव्वांनी पंचा मांडीवर सरळ केला, तळहातानं त्याच्या सुरकुत्या काढल्या, चौपदरी घडी घातली आणि माझ्या हातात दिला.

"न्या," त्या म्हणाल्या.