दत्ताराम मिस्त्रींचा हात

दत्ताराम मिस्त्री गाडीचं बॉनेट उघडायच्या आधी हात धुवायचे. बाकीचे मेकॅनिक काम झाल्यावर धुतात. काशीमीऱ्याला हायवेलगत, एका लॉजच्या मागे त्यांची पत्र्याची शेड होती. मी पहिल्यांदा गेले तेव्हा बाहेर ट्रकांचा गोंगाट चालला होता आणि आत एक किडकिडीत माणूस, चष्मा कपाळावर चढवून, मनगटापर्यंत साबण लावत उभा होता. मला वाटलं जेवायला बसतायत, म्हणून मी बाहेरच थांबले. "तेलकट हाताला गरम-थंड कळत नाय, ताई. या आत," असं त्यांनी बोलावलं.

यजमान गेल्यावर त्यांची जुनी एसयूव्ही माझ्या गळ्यात पडली होती. जेसल पार्कच्या आमच्या सोसायटीत जो तो मला ती विकायचा सल्ला देत होता, आणि सल्ले देणाऱ्यांचा मला राग येतो, म्हणून मी ती ठेवली. त्या दिवशी मी खरं तर ब्रेक दाखवायला गेले होते. मिस्त्रींनी आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, तापमानाचा काटा नेहमी एवढा खालीच असतो का? मी अभिमानाने सांगितलं की आमची गाडी कधी तापतच नाही.

"खूश होऊ नका," ते म्हणाले. "माणसाचा ताप मोजला आणि पंच्याण्णव आला, तर पेढे वाटाल काय?"

काटा खाली म्हणजे दोन गोष्टी, त्यांनी समजावलं. एक तर इंजिन खरोखर थंड आहे, नाहीतर काटा खोटं बोलतोय. इंजिन निवल्यावर त्यांनी ते पुन्हा सुरू केलं आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा जाड रबरी पाइप तळहातात धरला. पाण्याच्या वाटेवर एक झडप असते, थर्मोस्टॅट. इंजिन तापेपर्यंत ती बंद असते, तोवर हा पाइप थंड राहायला हवा. आमचा सुरुवातीपासूनच कोमट व्हायला लागला. त्यांनी खोलून पाहिलं तर आत झडपच नव्हती. आधीच्या कुठल्यातरी मेकॅनिकने, मुंबईच्या उकाड्यात हिचं काय काम म्हणून, काढून टाकली होती. असं पुष्कळ जण करतात म्हणे. मिस्त्री मात्र भडकले. "इंजिनाला हवा तेवढा ताप हवाच. थंड इंजिन बोंबलत नाय, गुपचूप झिजतं."

नवीन झडप बसली, काटा मधोमध आला. मग त्यांनी मलाही पाइपवर हात ठेवायला लावला. आधी थंड होता, मग एकदम गरम झाला आणि मी हात झटकला. ते हसले. "काटा बघायचा, पण साक्ष हाताची." पुढची सहा-सात वर्षं, गाडी कशासाठीही नेली तरी आधी त्यांचा हात आणि मग माझा, असा आमचा नेमच झाला.

मिस्त्रींना मधुमेह होता आणि चहात साखर दोन चमचे. दुपारी डबा घेऊन येणाऱ्या सुमनवहिनी, त्यांच्या पत्नी, त्यावरून रोज वाद घालायच्या. ते हसण्यावारी न्यायचे. "मला काय होतंय? काय दुखत नाय." वहिनी मला बाजूला घेऊन सांगायच्या, तुमचं ऐकतील ताई, तुम्ही बोला. मी बोलायचे. ते मान डोलवायचे आणि चहा मागवायचे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर काटा पुन्हा खाली राहायला लागला. भर दुपारी, अर्धा तास ट्रॅफिकमध्ये रखडत मी काशीमीऱ्याला पोचले. मिस्त्रींनी हात धुतले, बॉनेट उघडलं आणि उजवा तळहात पाइपवर घट्ट दाबला. "थंड आहे. इंजिन तापतच नाय, झडप उघडी अडकलीय," ते म्हणाले आणि नवीन कुठून आणायची ते सांगू लागले. मी नेमाप्रमाणे हात लावला तर असा चटका बसला की तोंडून आवाज निघाला. त्यांचा हात अजून तिथेच होता.

"मिस्त्री, हात काढा."

त्यांनी काढला. तळवा लाल झाला होता आणि आमच्या डोळ्यांदेखत बोटांच्या मुळाशी दोन फोड वर आले. डाव्या अंगठ्याने त्यांनी ते दाबून पाहिले. जुनं रबर ते असंच दाबून बघत. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "म्हणजे झडप बरोबर आहे. काटा खोटं बोलतोय, त्याचा सेन्सर गेलाय."

मला रडू आलं. कधीपासून, विचारलं. साखरेने पाय बधिर होऊन दोन वर्षं झाली, म्हणाले, हाताचं आत्ता कळलं. "सुमनला बोलू नका, ताई. ती शेड बंद करायला लावील. हात गेला तर मी कोण?" डॉक्टरकडे जाणार असाल तर नाही बोलणार, असं मी म्हटलं. जातो म्हणाले. सेन्सर त्यांनी डाव्या हाताने बसवला.

त्यानंतर मी अधूनमधून फोन करायचे. काय दुखत नाय, हे उत्तर ठरलेलं, आणि मला ते ऐकून बरं वाटायचं. हे मी आज लाजेने लिहितेय. एकदा वहिनींचा फोन आला. हे हल्ली पाय ओढत चालतायत, विचारलं तर अंगावर येतात, तुम्हाला काही बोललेत का? मी म्हटलं, नाही.

महिन्याभरात बुटात पडलेला एक स्क्रू त्यांच्या तळपायात शिरला. तो घेऊन ते आठवडाभर कामावर जात होते. वास यायला लागला तेव्हा वहिनींनी बूट ओढून काढला. गुडघ्याखाली पाय कापावा लागला, तरी विष वर चढलंच. मी हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा त्यांनी विचारलं, काटा कुठे असतो? मधोमध, मी सांगितलं. "हात लावून बघितलंत?" मी नाही म्हटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. चौथ्या दिवशी ते गेले.

तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेले. वहिनींनी चहा केला, समोर बसल्या. डॉक्टर सांगत होते, म्हणाल्या, हातापायातलं सगळं मेलं होतं, वेळेत कळलं असतं तर पाय रोज तपासला असता. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं काय, ताई?"

मी म्हटलं, "हो."

वहिनींनी माझ्यासमोरचा कप उचलला आणि आत नेला. तो भरलेलाच होता.